ऐलतीर

ब्लाइथला आमची लॉन्ड्री,
पुलापलीकडे एरनबर्गला तिचीच धाकटी शाखा.
मधे कोलोरॅडो नदी.
उन्हाळ्यात दोन्हीकडे एकच वेळ, हिवाळ्यात तासाचा फरक.
मोटेलच्या चादरी मात्र बारा महिने सारख्याच मळतात.

मी ओफेलिया. पगारपत्रक माझ्याकडे.
टेबलाच्या काचेखाली दोन कागद, शेजारी शेजारी.
कॅलिफोर्निया: काढलंत, तर शेवटचा पैसा उभ्या उभ्या,
त्याच दिवशी, त्याच दाराशी, उरलेल्या रजेसकट.
जाणूनबुजून टाळलंत, तर दिवसामागे एक दिवसाचा पगार आणखी,
तीस दिवसांपर्यंत.
ॲरिझोना: कामाचे सात दिवस,
किंवा चालू हप्ता संपेल तेव्हा, जे आधी येईल ते.
आणि रजेचं काय ते मालकाच्या लेखी ठरवावं.

एकाच घामाचे दोन हिशेब.
कागदांवर मी चहा सांडला होता कधीतरी,
डाग दोघांवर पसरलाय. त्याला सीमा दिसली नाही.

युसेबियो माता बॉयलरवर. एकोणीस वर्षं.
कधी इकडे, कधी तिकडे, जिथे वाफ रुसेल तिथे.
मंगळवारी हॅगर्टीसाहेब खिडकीशी आले,
म्हणाले, याचं सगळं काढून ठेव, पण घाई नको.
आणि मग मोठ्याने, त्याला ऐकू जाईल असं:
"चल रे, पलीकडचा बॉयलर खोकतोय."

पलीकडचा बॉयलर सोमवारीच ठणठणीत झाला होता.
दुरुस्तीच्या पावतीवर मीच शिक्का मारला होता.

पिकअप निघाली.
मी बेरीज करत बसले. तास, जादा तास,
एकशे बारा तासांची न घेतलेली रजा
(तिच्यात मुलीच्या लग्नाचे दोन दिवसही नव्हते,
ते त्याने रात्रपाळी करून भरले होते).
बोटं चालत होती, पण कान रस्त्याकडे.

पाऊण तासाने तो चालत आला.
एकशे चौदा डिग्रीत, टोपी हातात,
डोक्याला लागलेलं ऊन तसंच घेऊन.
पाणी दिलं. अर्धा ग्लास प्यायला, अर्धा मानेवर ओतला.
मग म्हणाला, "पुलावर मी विचारलं सरळ,
काढताय का मला?
साहेबाला तोंडावर खोटं बोलता येत नाही, एवढं मात्र खरं.
हो म्हणाला.
मी समोर पाहिलं. ॲरिझोनाचा फलक
अजून पुढे होता, चाळीस पावलं असतील.
म्हटलं, थांबवा गाडी."

कायद्याला पुलावरची पावलं मोजता येतात का,
मला ठाऊक नाही. कुठल्या न्यायाधीशाने
असल्या चाळीस पावलांचा निवाडा केला असेल, तेही नाही.
मी प्रिंटर चालू केला.

चेकवर सही साहेबांची लागते.
पिकअप आवारात येऊन उभी राहिली,
इंजिन चालू, काच वर, आत ते एकटे.
दहा मिनिटं. मी घड्याळ पाहिलं म्हणून सांगते.
आत आले, आकडा वाचला, रजेशी अडखळले,
माझ्याकडे नाही, काचेखालच्या डागाकडे बघितलं
आणि पेन मागितलं.
पेनाने दोनदा दगा दिला. तिसऱ्यांदा उमटलं.

युसेबियोने चेक दुमडला नाही.
इस्त्री झालेला उशीचा अभ्रा न्यावा
तसा दोन्ही हातांवर आडवा धरून नेला.
दाराशी वळून म्हणाला,
"तीन नंबरचा व्हॉल्व्ह डावीकडे फिरवायचा. त्यांना सांगा."

माझं घर पलीकडे.
संध्याकाळी पुलावर तो फलक येतो
आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय
उगाच हलका होतो.